वाट कशी हाय?

दारात माणूस आलं की सगळं जग "या, बसा" म्हणतं. आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या, "वाट कशी हाय?" पाण्याचा तांब्या त्यानंतर. टपाल घेऊन येणाऱ्याला हाच प्रश्न, लग्नाची बोलणी करायला आलेल्या सोयऱ्याला हाच, आणि उंबऱ्यावरचं माप लवंडायच्या बेतात असलेल्या नव्या नवरीलाही हाच. एक नवरी बिचारी घाबरून सासरच्या माणसांची स्तुती करायला लागली. मोठ्या बाई म्हणाल्या, "मानसं नाई व विचारली. ते कशी हायेत मले ठाऊक हाय. नाल्यावरचा चिखल वाळला काय, थे सांग."

मी त्या गावात आले ती आरमोरीहून बैलगाडीत दिवसभर हादरे खात. नागपूरला शिक्षिकेचं ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं आणि मुलींच्या नव्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. अंगावर पांढरं व्हॉईलचं पातळ, हातात काळी छत्री, डोक्यात वनश्रीवरच्या चार स्वरचित कविता. जंगल मी तोवर वाण्याच्या कॅलेंडरवर पाहिलेलं होतं. आज माझ्या नातवंडांना मी मोठी धीट आजी वाटते. ती गाडीतून उतरणारी बाहुली त्यांनी पाहिली असती, तर हसून हसून त्यांची पोटं दुखली असती. माझं तर अजून दुखतं.

मोठ्या बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. "वाट कशी हाय?"

मी म्हणाले, "रम्य आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीवानाकडे. गाडीवान म्हणाला, "दोन जागी चाक रुतलं, बाई. नाल्याच्या अल्याड खडी उघडी पडली हाय."

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याले खडी दिसली, हिले रम्य दिसलं. खोली मांगच्या अंगाले हाय, पोरी. उंबरा उंच हाय. रम्य समजून ठेच खाशीन."

मी खाल्लीच.

त्या गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, थोरल्या सुनबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मालगुजारी नुकतीच सरकारनं काढून घेतली होती. घराचे दोन भाग झाले होते. पुढच्या भागात दीर राहत, त्यांना गाव धाकले मालक म्हणे. मागच्या भागात मोठ्या बाई, आणि त्यांच्या एका खोलीत भाडेकरू म्हणून मी.

उंच, काटक, उन्हानं रापलेल्या. लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं आणि पायात पुरुषी वहाणा. गावच्या मोच्यानं एकदा भीत भीत म्हटलं होतं, "बाई, हे गड्यामानसाचं माप हाय जी." त्यावर त्या म्हणाल्या, "रस्त्याले का माहीत, वरतं कोन हाय?" उजवा गुडघा त्यांना त्रास द्यायचा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं जाऊबाई. कारण तो कामाच्या वेळी कुरकुरे आणि जेवायच्या वेळी गप्प बसे. सकाळी त्या अंथरुणातून उठायच्या आणि गुडघ्यावर थाप मारून विचारायच्या, "काय व जाऊबाई, आज बोलनं हाय का अबोला?"

माणसांनाही त्या वाटांच्याच मापानं मोजत. शाळेच्या तपासणीला येणाऱ्या एका गोडबोल्या साहेबाबद्दल म्हणाल्या, "हा मानूस म्हंजे भादव्यातली पांदन. वरतून हिरवी, पाय ठेवला का गुडघ्यावर." माझ्याबद्दल एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं. "पोरगी वाईट नाई. नवी वाट हाय. मानसं चालून चालून बरी होईन."

त्यांची न्हाणी पाहण्यासारखी होती. तिथली फरशी सगळी वेगवेगळ्या दगडांची. काळा, तांबडा, चपटा, कंगोऱ्याचा. पहाडावर ज्या दगडानं त्यांना ठेच दिली, तो दगड त्या उपसून पदरात घालून घरी आणत आणि न्हाणीत बसवत. "ज्यानं ठेच देली त्याच्यावरच टाच घासावं," त्या म्हणत. "त्याचा राग निंगून जाते अन् आपला मळ." मला त्या न्हाणीत आंघोळ करताना आधी भीती वाटे. शत्रूंच्या सभेत उघडं बसल्यासारखं.

गावाच्या पाठीशी जो डोंगर होता त्याला गाव नुसतं पहाड म्हणे. त्याला पूर्ण फेरी घालायची तर तांबडं फुटायला निघावं लागे आणि दिवे लागायला परत. तलावाच्या पाळीवरून मोहाच्या झाडांत शिरायचं, तिथून बांबूच्या बेटांतून चढ. शेवटची खडी चढण, तिला म्हातारीचा दम म्हणत. ती चढलं की खिंड. खिंडीपलीकडे पहाडाची पाठ, गोंडांची छोटी वस्ती, झरा, पहाडीण माय या रानदेवीचं ठाणं, आणि मग दगडांच्या पायऱ्या उतरून दुसऱ्या बाजूनं धानाच्या बांध्यांमधून गावात. मोठ्या बाई ही फेरी सवडीप्रमाणे घालत. पावसाळ्यात अर्धी, हिवाळ्यात पुरी. आणि बाजाराच्या दिवशी चिंचेखाली उभ्या राहून पहाडाची खबर देत. दवंडीसारखी.

"मोहाखालचा मुरूम सुटला हाय, लेकरू कडेवर घेऊन उतरू नोका. झऱ्याचं पानी गोड हाय, पन वरतं डुकरं लोळून राह्यले, गाळून प्या. म्हातारीच्या दमावर आग्यामोहोळ लागलं, तिथी बिडी पेटवली तं मले सांगाले येऊ नोका, तुमचं तोंडच सांगन."

लोक हसत. वांगी विकणारी म्हणे, "झालं बाईचं पुरान सुरू." पण हसून झालं की सगळे त्या सांगतील तिथूनच जात. आणि वाकडी वाट निघाली तर चूक मोठ्या बाईंची नसे, वाटेची असे, हा त्यांचा ठाम सिद्धांत होता.

त्यांचे चालण्याचे नियम दोन. एक, फेरीला निघालं की आल्या वाटेनं परतायचं नाही. "पहाडाले पाठ दाखवाची नाई. त्याले वाटते आपन भेलो." आणि दुसरा, डहाळी ओलांडायची नाही.

हा दुसरा नियम त्यांचा एकटीचा नव्हता, त्या सगळ्या मुलखाचा होता. पुढे धोका असला, दरड कोसळली, वाघानं गुरू मारून ठेवलं, दलदल झाली, की ज्याला पहिल्यांदा कळेल त्यानं वाटेवर एक हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्यानं ती पाहून मुकाट परतायचं. आणि ज्यानं टाकली त्यानंच ती उचलायची. तीही गुपचूप नाही, तर चार माणसांसमोर तोंडानं सांगून, की कशासाठी टाकली होती आणि आता का उचलतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मला हा नियम कुणी तोंडी शिकवला नाही. पहिल्याच आठवड्यात तलावाच्या पाळीवरून शाळेत जाताना वाटेत एक डहाळी दिसली. मी मुलींना स्वच्छतेचा धडा देणारी बाई. छत्रीच्या टोकानं ती डहाळी बाजूला सारली, पातळ सावरलं आणि पुढे झाले. चार पावलांवर पाळीची माती खचली होती. मी मांड्यांपर्यंत चिखलात. पांढरं व्हॉईल, काळा चिखल, वर छत्री उघडलेली. पाळीवर मोठ्या बाई उभ्या होत्या. काढायला घाई अजिबात केली नाही. आधी विचारलं, "वाट कशी हाय?"

मी रडत म्हणाले, "वाईट आहे!"

"शाबास," म्हणून त्यांनी काठी पुढे केली. "आता शिकून राह्यली तू."

आता त्या माघातली गोष्ट सांगते, म्हणजे मोठ्या बाई पुऱ्या कळतील.

दर माघात, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की, गावातल्या बायका पहाडाची फेरी घालत. सगळ्या बायका, एकाच दिवशी. मालगुजाराच्या घरच्या, कुणब्यांच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या, सगळ्या. झऱ्यावर शिदोऱ्या सोडायच्या, तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, तळ्यातल्या मासोळीचा सुका चुरा, आणि एका पळसपानाच्या पत्रावळीवर दोघीदोघींनी जेवायचं. पुरुष एकही बरोबर नाही. वर्षभरात तेवढा एक दिवस त्या बायका मोठ्यानं हसत. खालच्या गावात ऐकू येई, असं म्हणत. फेरीच्या चार दिवस आधी मोठ्या बाई एकट्या जाऊन वाट पाहून येत आणि खुली आहे म्हणत, मगच फेरी निघे.

धाकल्या मालकांना हा दिवस खुपायचा. मालगुजारी होती तोवर गप्प होते. ती गेल्यावर त्यांना अब्रूची काळजी जास्त वाटायला लागली. त्या वर्षी ओसरीवर चार पंच बसले असताना त्यांनी विषय काढला.

"वहिनी, जमाना बदलला. आपल्या घरच्या बायका पहाडावर जाऊन कोनाच्याही पत्रावळीत जेवतेत. मालगुजारी गेली, आता अब्रू तं राहू द्या."

"अब्रू पहाडावर चढली तं झिजते काऊन, भाऊजी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "माह्या वहाना झिजल्या. अब्रू अजून पायातच हाय."

पंच खाली बघून मिशीत हसले. धाकले मालक चिडले. मग त्यांनी वहिनींच्या दुखऱ्या गुडघ्याकडे बोट केलं. "अन् तुमचं वय झालं. तुमच्यानं आता पुरी फेरी होत नाई. वाट न पाह्यता बायका नेसान अन् कोनी दरीत गेली तं? यंदा वाट पाहाले जा. दिवे लागाच्या आंधी पल्याडून उतरून दाखवा. नाई उतरल्या तं यंदापासून फेरी बंद. पंचाइसमोर सांगतो."

"कबूल," मोठ्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मास्तरीनबाई साक्षीले येईन. तिले लिवता-वाचता येते, तिच्यावर सगळ्याइचा इस्वास."

मला कुणी विचारलं नाही. पण मी आतून फुलले. कवयित्री अखेर वनात निघाली होती!

निघताना माझी तयारी ऐका. नवे कॅनव्हासचे बूट, छत्री, अत्तराची कुपी आणि वाघ आला तर वाजवायला शाळेची घंटा. मोठ्या बाईंनी घंटेकडे पाहिलं. "वाघाचा वर्ग भरवतेस काय?"

चढावर मी दर वळणाला विचारत होते, "बाई, इथं वाघ असेल?"

"हाय ना."

"मग?"

"मंग काय? त्याले दुसरे कामधंदे नाईत काय?"

मोहाखाली मुरूम घट्ट बसला होता. बांबूच्या बेटात वाट मोकळी होती. म्हातारीच्या दमावर माझा दम गेला, बूट चावायला लागले, कविता तर केव्हाच गळून पडल्या होत्या. मोठ्या बाई काठी टेकत, जाऊबाईला शिव्या देत, माझ्या पुढे दोन वळणं. शेवटच्या चढावर त्या थांबल्या आणि मला वाटलं, दमल्या. मी धापा टाकत वर पोहोचले.

खिंडीत, वाटेच्या अगदी मधोमध, एक हिरवी डहाळी आडवी पडली होती.

मी डहाळीकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. पुढे जावं तर एक नियम मोडतो. मागे फिरावं तर दुसरा नियम मोडतो, आणि फेरी कायमची बंद. त्या वाकल्या. डहाळीला हात न लावता जवळून बघितली. मग खिंडीपलीकडची माती बघितली, तीही डहाळी न ओलांडता, मान लांब करून. खाली गळून पडलेलं एक पान उचलून नाकाशी नेलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं आता रडतात. मला तेव्हा माणसांचे चेहरेही वाचता येत नव्हते. झाडांचं तर सोडाच.

मी म्हणाले, "बाई, मला वाटतं ही कुणीतरी मुद्दाम टाकली आहे. तुम्हाला परतवायला. आपण सरळ बाजूला करू आणि जाऊ. इथं कोण बघतंय?"

त्यांनी इतक्या शांतपणे माझ्याकडे पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले.

"मले ठाऊक हाय खोटी हाय," त्या म्हणाल्या. "तरी डहाळी हाय. आज मी खोटी म्हनून ओलांडली, तं उद्या सारं गाव खऱ्या डहाळीले बी खोटी म्हनन. मंग कोन्या दिवशी कोनाची पोर जाईन खड्ड्यात, तवा ते डहाळी कोनाले आडवन?"

"पण फेरी बंद होईल!"

"पाहू ना," म्हणून त्यांनी ते पान ओटीत खोचलं, काठी फिरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आल्या वाटेनं परत फिरल्या. पाठ अशी ताठ, की पहाडालाच वाटावं तो भ्यायला.

गावात आम्ही चांगल्या उजेडात शिरलो. मोठ्या बाईंनी मागच्या दारानं घरात जावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या मधल्या रस्त्यानं गेल्या, सरळ धाकल्या मालकांच्या ओसरीवर. पंच बसलेलेच होते.

"मोहाचा उतार पक्का. बांबूतली वाट मोकळी. म्हातारीच्या दमावर दोन दगड ढिले, एक मी काढला, एक राह्यला. खिंडीत डहाळी आडवी हाय. मी परतली."

धाकल्या मालकांचं तोंड उजळलं. "म्हंजे फेरी झाली नाई, वहिनी."

"नाई झाली."

"मंग ठरल्यापरमानं बंद."

"बंद," मोठ्या बाई म्हणाल्या. "डहाळी हाय तोवर बंद. सगळ्याइले बंद." आणि ओटीतलं पान काढून त्यांच्यासमोर पाटावर ठेवलं. "हे घ्या. तुमच्या दाराच्या तोरनाले कमी पडलं असन."

पंचांना काही कळलं नाही. मलाही नाही. धाकल्या मालकांनी पान पटकन मांडीखाली घातलं.

मला उलगडा झाला तो दोन दिवसांनी, आणि तोही माझ्या अकलेनं नाही. धाकल्या मालकांनी त्या हिवाळ्यात बांबूतोडीचा ठेका घेतला होता. तोडायला मजूर यायचे ते खिंडीपलीकडच्या वस्तीतले गोंड. रोज सकाळी खिंडीतून खाली उतरत, संध्याकाळी परत. आम्ही परतल्याच्या दुसऱ्या सकाळी एकही आला नाही. गाड्या येऊन उभ्या, बैल शेपट्या हलवतायत, बांबू बेटातच. त्याच्या पुढच्या सकाळीही कुणी नाही. आम्ही पहाडावर गेलो त्या दिवशीही आले नव्हते, पण मालक तेव्हा खुशीत असल्यानं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मोठ्या बाईंच्या मात्र खिंडीतच ध्यानात आलं होतं. डहाळीपलीकडच्या मातीत मजुरांच्या पावलांचे ठसे येऊन तिथेच वळलेले त्यांनी पाहिले होते.

आपण वहिनीसाठी जी वाट बंद केली तीच आपल्या मजुरांची वाट आहे, हे धाकल्या मालकांच्या लक्षातच आलं नव्हतं. येणार कसं? ते जन्मात कधी पहाडावर गेले नव्हते.

मालकांनी घरच्या गड्याला, डोमाजीला, ओसरीवर बोलावलं. मी मागच्या पडवीत मुलींच्या पाट्या तपासत होते. म्हणजे पाट्या मांडीवर होत्या आणि कान ओसरीवर.

"जाय, अन् ते उचलून टाक," मालक हळू आवाजात म्हणाले.

डोमाजीच्या पावलांचा आवाज आला नाही.

"बहिरा झाला काय?"

"ठेवनाऱ्यानंच उचलाव लागते, मालक."

"मंग तूच तं ठेवली!"

"हात माहा होता जी," डोमाजी म्हणाला. "हुकूम तुमचा होता. उचलतानी चार मानसाइत सांगा लागते, काऊन ठेवली होती. मी काय सांगू?"

माझ्या मांडीवरची पाटी खाली पडली.

"अन् तूनं आंब्याची काऊन नेली, बेअकला? पहाडावर झाडं मेले होते काय?"

"पहाडीन मायच्या रानातली डगाल खोट्यासाठी तोडावं?" डोमाजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "माह्यानं नाई होत. म्हनून आंगनातल्या आंब्याची नेली."

तेव्हा मला ते पान कळलं. साग, ऐन, बांबू, तेंदूच्या त्या रानात, खिंडीत, आंब्याची डहाळी! आणि मी मुलींना निसर्गपाठ शिकवत होते. पानांचे प्रकार, साधे आणि संयुक्त. फळ्यावर आंब्याचं पान मीच काढलं होतं, रंगीत खडूनं.

पुढचा दिवस मी विसरणं शक्य नाही. धाकले मालक पहाटे निघाले. पोट पुढे, डोमाजी मागे, आणि सर्वांच्या पुढे काठी टेकत मोठ्या बाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "भाऊजीले वाट नाई माहीत," एवढंच म्हणाल्या. साक्षीला मी, या वेळी अनवाणी. बूट आणि घंटा घरी ठेवले होते.

म्हातारीच्या दमावर मालक तीनदा बसले. ढिला राहिलेला तो दुसरा दगड बरोबर त्यांच्याच अंगठ्याला लागला. मोठ्या बाईंनी तो उपसून डोमाजीच्या खांद्यावर दिला. "घरी घे. भाऊजीची न्हानी रिकामी हाय."

खिंडीपलीकडे वस्तीतली माणसं जमली होती. म्हातारा गायता, म्हणजे त्यांचा पुजारी, दगडावर बसून तंबाखू मळत होता. डहाळीची पानं सुकून वळली होती.

धाकल्या मालकांनी घाम पुसला. "हे... म्या ठेवाले लावली होती." मोठ्या बाई आभाळाकडे बघत होत्या. "पुढं काही धोका नवता. वहिनीनं परताव म्हनून ठेवली. आता उचलतो."

गायत्यानं मान डोलावली, तंबाखू तोंडात टाकली आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. माणसं फस्सकन हसली. मी डोमाजीला विचारलं, काय म्हणाला. तो म्हणाला, "म्हने, वाघासाठी ठेवली असन वाटलं होतं. बाई त्याच्यापक्षा मोठी निंगाली."

मालकांनी डहाळी उचलून खाली फेकली आणि गावाकडे वळले. मोठ्या बाई वाटेत काठी आडवी धरून उभ्या. "कुठी चालले?"

"घरी."

"आल्या वाटेनं? पहाडाले पाठ दाखवून? माही परतीची पाळी होऊन गेली, भाऊजी. घरात एकानंच परतावं. चला पुढं, झऱ्याचं पानी चांगलं हाय."

आणि त्यांनी त्या भल्या माणसाला पुरी फेरी घालायला लावली. झऱ्यावर त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. पहाडीण मायच्या ठाण्याशी पळसाच्या पानावर त्याला आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर वाढली, आणि उरलेली अर्धी त्याच पानावर आपणही खाल्ली, डोमाजीलाही तिथंच बसवलं. मालकांनी एकदा पानाकडे, एकदा डोमाजीकडे पाहिलं. भूक फार लागली होती. जेवले. दिवे लागायच्या आधी आम्ही बांध्यांमधून गावात उतरलो, तेव्हा मालक लंगडत होते पण कुणाच्या खांद्याचा आधार घेत नव्हते.

बाजाराच्या दिवशी मोठ्या बाई चिंचेखाली उभ्या राहिल्या. "यंदा वाटेची खबर भाऊजी सांगतीन. त्याइनं सोता पाह्यली."

सगळा बाजार वळून बघायला लागला. धाकले मालक खाकरले. मग मालगुजाराचं रक्त जागं झालं असावं. छाती काढून म्हणाले, "मोहाचा उतार पक्का हाय. बांबूत वाट मोकळी. म्हातारीच्या दमावर दगड होता, तो आता माह्या घरी हाय. खिंड खुली. झऱ्याचं पानी..." आणि इथं त्यांचा आवाज बदलला, "पानी लय गोड हाय. म्या कधी पेलोच नवतो."

वांगी विकणारी म्हणाली, "घ्या! आता याईचं बी पुरान."

फेरी निघाली. मीही गेले. झऱ्यावर ढिवरांच्या एका म्हातारीबरोबर एका पत्रावळीत जेवले आणि माझ्या चार कविता तिला म्हणून दाखवल्या. तिनं शांतपणे ऐकून घेतल्या आणि माझ्या भाकरीवर चटणी वाढली. "खाय, पोरी. भुकेजली हायस." तेव्हापासून मी कविता केली नाही. मराठी साहित्यावर त्या म्हातारीचे उपकार आहेत.

काही वर्षांनी लग्न ठरलं आणि मी ते गाव सोडलं. मोठ्या बाईंनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि एक चपटा काळा दगड. पहिल्या दिवशी माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मला ज्यानं ठेच दिली होती, तो. उंबऱ्याखालून उपसून ठेवला होता म्हणे. "सासरी पोचल्यावर कोनी विचारलं वाट कशी हाय, तं रम्य म्हनू नोको," एवढाच उपदेश.

कुणी विचारलं नाही. सासरच्यांनी "या, बसा" म्हटलं.

दगड आमच्या न्हाणीघरात आहे. सुनेनं चकचकीत टाइल्स बसवल्या तेव्हा मिस्त्रीला तो काढायचा होता. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, त्यानं त्याच्याभोवती टाइल्स कापल्या. रोज सकाळी त्यावर टाच घासते आणि माझं मीच विचारते, वाट कशी हाय? सांगण्यासारखं पुष्कळ असतं. उतार लागला आहे. मुरूम सुटला आहे. माझ्याकडेही आता जाऊबाई राहायला आली आहे, आणि ती डाव्या गुडघ्यात आहे. पण झऱ्याचं पाणी गोड आहे, आणि आडवी डहाळी अजून कुठं दिसलेली नाही.

दिसली की बघेन, कुठल्या झाडाची आहे.